आधी खरखर, मग चित्र

आमच्या गावात कम्प्युटर दुरुस्त करते ती बाई आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, शिकली कुठं? मी सांगतो, पिठाच्या गिरणीत. त्यावर पुन्हा हसतात. हसा म्हणावं. मी स्वतः नववी नापास आहे आणि माहिती अधिकाराचा अर्ज असा लिहितो की अधिकारी खुर्चीतून उठून दार लावून घेतो. त्यामुळे कोण कुठं शिकलं यावर मी हसत नाही.

तिचं नाव नीलिमा पट्टेबहादूर. वय चाळिशीच्या आत. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. आमचं गाव केनवडपासून आत, पाच किलोमीटर. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याची गिरणी होती. नऊ वर्षं तिनं ती चालवली. दळण टाकून ती दाराशी उन्हात बसायची, आत पाहायचीही नाही, आणि तिथूनच सांगायची, पट्टा ढिला झाला. पाट्याला टाकी मारायला झाली. या ज्वारीत खडे आहेत, काढा. सगळं कानावर. सासरे गेले, दिरानं गिरणी विकली आणि नीलिमा रिकामी झाली. रिकामं बसणं तिला जमत नाही. ती विहारातल्या अभ्यासिकेत झाडझूड करायला लागली. पगार नाही, कुणी सांगितलंही नव्हतं.

अभ्यासिकेत तेव्हा एक कम्प्युटर होता आणि तो महिन्यातून दोनदा बंद पडायचा. रिसोडहून एक माणूस यायचा. त्याला कुणी बघितलेलं आवडायचं नाही. पण त्याला एक खोड होती, काम करताना तो स्वतःशीच मोठ्यानं बोलायचा. नीलिमा झाडू हातात धरून मागं उभी राहायची आणि घरी जाऊन ते सगळं वहीत लिहायची. इंग्रजी शब्द, पण आपल्या अक्षरात, जसे कानावर पडले तसे. ती वही मी वाचलेली आहे. एका पानावर असं आहे:

‘नो सिग्नल. मागची तार.

तीन बीप. रॅम काढून खोडरबरानं पुसणे.

तारीख चुकली. आतला चपटा सेल.

कीबोर्ड नॉट फाउंड, प्रेस एफ वन. यात हसण्यासारखं काही नाही. कीबोर्ड लावणे.’

वर्षभरात रिसोडच्या माणसाला बोलवायचं काम पडेनासं झालं. वहीत दीडशेच्या वर बिघाड झाले. नीलिमाचा एक नियम आहे. मशीन बिघडलं की आधी वही उघडायची, मग मशीन. आणि घाई करणाऱ्याला बाहेर काढायचं. हा नियम तिनं माझ्यासाठी केलाय असं विहारातली पोरं म्हणतात.

आता त्या कम्प्युटरबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्याकडे घरचं माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराला काहीतरी दान देतात. कुणी सतरंजी देतो, कुणी घड्याळ. त्यावर गेलेल्याचं नाव रंगवतात. आमच्या विहारातल्या पंख्यांच्या एकेका पात्यावर एकेका माणसाचं नाव आहे. पंखा बंद असला की वाचता येतं. कम्प्युटरही असाच जमला. पडदा एका घरचा, डबा दुसऱ्याचा, मदरबोर्ड कोरोनानंतर नोकरदार पोरांनी मिळून दिला. त्यातली मोठी हार्डडिस्क इंद्रभान दादांनी दिली, त्यांच्या आईच्या नावानं. ‘कालकथित सोजरबाई यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ.’ इंद्रभान दादा विहार समितीचे अध्यक्ष. वय पासष्ट, धोतर पांढरंशुभ्र, शब्द मोजून.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या, पुण्याला कंपनीत असलेल्या उत्कर्षनं एक नवी, पत्त्यांच्या कॅटाएवढी डिस्क पाठवली. जलद चालणारी. नीलिमानं विंडोज तिच्यावर चढवलं, सगळ्या फायली तिच्यात आणल्या. जुनी डिस्क आता कामाची नव्हती, कुणीही काढून ठेवली असती. पण आमच्याकडे दानाची वस्तू, चालू असेपर्यंत, जागेवरून हलवत नाहीत. हलवली तर घरचे विचारतात, आमच्या मायचं नाव कायले काढलं? म्हणून जुनी तिथंच राहिली, तारा लावलेली, नव्या डिस्कच्या वर.

मागच्या ऑक्टोबरची गोष्ट. जुन्या विंडोजला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत, पुढचं घ्या, असं पडद्यावर रोज येऊ लागलं. पोरं परीक्षांचे फॉर्म त्याच मशीनवर भरतात. नीलिमा म्हणाली, करून टाकू. मंगळवारी तिनं काम सुरू केलं. सामान उतरायला दिवस गेला. संध्याकाळी पडद्यावर आलं, आता बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे बसवतो. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर निम्म्यावर होता. अर्ध्यात बंद पडलं तर पंचाईत, म्हणून तिनं मशीन नीट बंद केलं आणि उद्या सकाळी करू म्हणून घरी गेली. डब्याचं झाकण उघडंच. ते नेहमीच उघडं असतं, उन्हाळ्यापासून.

बुधवारी सकाळी नऊ वाजता मी विहारात पोचलो तेव्हा माझ्याबरोबर रुख्मिणीबाई होत्या. त्यांच्या पोरीचं, निकिताचं, नर्सिंगच्या पदवीला नाव लागलं होतं. जातपडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर जागा जाणार. समितीसमोर सुनावणी गुरुवारी अकरा वाजता, वाशिमला.

या पडताळणीबद्दल मी बोलायला लागलो की थांबत नाही, म्हणून थोडक्यात. आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला. जुनी जात तिथंच टाकून दिली. पण सवलतीचा कागद पाहिजे तर पन्नास सालाच्या आधीची नोंद दाखवा, त्यात आजोबा-पणजोबाची तीच जात लिहिलेली पाहिजे. ज्या माणसाला तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात बसवलं, त्याच्या नावापुढं मास्तरनं जात नीट लिहिली की नाही यावर आज त्याच्या पणतीचं कॉलेज ठरतं. असो.

निकिताच्या पणजोबाचं नाव राघो. शेजारच्या एका गावातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात शेहेचाळीस सालची त्यांची नोंद होती. सहा वर्षांपूर्वी मी त्या शाळेशी भांडून ते पूर्ण रजिस्टर बाहेर काढलं होतं आणि नीलिमानं त्याचं एकेक पान स्कॅन केलं होतं, चारशे बारा पानं. त्यानंतर दोन पावसाळ्यांत शाळेच्या कपाटातलं रजिस्टर उधईनं खाल्लं. शाळेनं तसं लेखी दिलंय. म्हणजे राघो आता फक्त विहाराच्या कम्प्युटरमध्ये होते. एक प्रत पेनड्राइव्हवरही होती. तो पेनड्राइव्ह माझ्याकडे होता. तो कुठं गेला ते विचारू नका.

मी म्हणालो, “नीलिमा, ते राघोवालं पान काढ अन् छापून दे. उद्या वाशिमले जाणं हाये.”

“दोन घंटे थांबा, भाऊ. अपग्रेड अर्ध्यावर हाये. ते झालं की देतो.”

तिनं बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा राहिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली. नीलिमानं ती मोठ्यानं वाचली, “रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.”

“म्हंजे?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

“म्हंजे त्याले सापडून नाही राह्यलं, चालू कुठून व्हायचं ते.”

मी तिथंच तापलो. “मी तुले म्हटलं होतं, चालू मशीनले हात लावू नोको म्हणून!”

“तुमी असं काही म्हटलं नव्हतं.”

“मनात म्हटलं होतं!”

“मंग मनातच वरडा,” ती वही उघडत म्हणाली. “भाऊ, तुमी तहसीलदारावर वरडत जा, त्याले कान असतात. याले नाहीत.”

वहीत या बिघाडाचं पान होतं. क्रम लिहिलेला होता. आधी तारा. तिनं तारा काढून पुन्हा लावल्या. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की वरची जागा रिकामी आहे.

“जुनी डिस्क कुठी गेली?”

मला माहीत होतं. येत्या पौर्णिमेला वर्षावासाची, म्हणजे पावसाळाभर चालणाऱ्या धम्मवाचनाची, समाप्ती होती, गावजेवण होतं, विहाराची रंगरंगोटी चालू होती. पंख्यांची पाती उतरवून लखन पेंटरकडे नेली होती, नावं फिकी पडली म्हणून. मंगळवारी सांजच्याला इंद्रभान दादा येऊन आईच्या नावाची डिस्कही घेऊन गेले होते. मशीन बंद, डबा उघडा, चार स्क्रू. मीच त्यांना बॅटरीचा उजेड दाखवला होता.

“दादानं नेली, नाव रंगवायले.”

“जाऊ द्या,” नीलिमा म्हणाली. “तिच्यात काही नाही. सारं मीच नवीत आणलं हाये.”

आणि पुढच्या ओळीकडे वळली. आता वाटतं, तिथंच थांबलो असतो तर दिवस वाचला असता. पण तिथं ती, मी, रुख्मिणीबाई, कुणालाच काही वाटलं नाही. नाव रंगवायला वस्तू नेणं आमच्याकडे इतकं रोजचं आहे की त्यात कुणी चूक शोधत नाही.

वहीतली दुसरी ओळ, आतली निळी यादी. सुरू होतानाच बटण दाबून धरलं की ती दिसते. यादीत नवी डिस्क दिसत होती, नाव आणि साइजसकट.

“म्हंजे जिवंत हाये,” नीलिमा म्हणाली.

“मंग चालू काहून नाही होत?”

“तेच पाहून राह्यली ना.”

तिनं नव्या डिस्कला यादीत पहिला नंबर दिला. पुन्हा तीच ओळ. दुसऱ्या खाचेत लावली. तीच ओळ. रॅम पुसून लावला. तीच ओळ. दहा वाजले, अकरा वाजले. रुख्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सोयाबीनची सोंगणी चालू होती, त्यांनी त्या दिवसाचं काम सोडून दिलं होतं. प्रत्येक वेळी मशीन चालू झालं की त्या मान उचलून पाहायच्या आणि पडदा काळा दिसला की मान खाली.

मी केनवडच्या हरीओमला फोन लावला. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं अर्धं ऐकलं.

“अपग्रेडमधी विंडोज उडालं, भाऊ. आणून टाका. फॉरमॅट मारून नवं टाकून देतो, अर्ध्या घंट्यात.”

“अन् आतल्या फायली?”

“त्याची ग्यारंटी नाही.”

“ग्यारंटी नाही तं दुकान कायले उघडलं, भजे तळायले?”

नीलिमानं माझ्या हातातून फोन घेतला. “हरीओमभाऊ, फॉरमॅट नाही मारायचं. फक्त तुमच्या मशीनले जोडून फायली काढायच्या. मी येऊन बसतो.”

तिकडून काय आलं ते मला ऐकू नाही आलं. तिनं फोन ठेवला.

“काय म्हणे?”

“म्हणे, आमच्या टेबलावर बाहेरच्याले बसू नाही देत. डिस्क ठेवून जा, पाहतो.” ती वहीवर बोट ठेवून म्हणाली, “तो आधी फॉरमॅट मारते अन् मंग विचारते, काही होतं काय. सरपंचाच्या पोराचे लग्नाचे फोटो असेच गेले.”

गावात दुसरा कम्प्युटर ग्रामपंचायतीचा. ऑपरेटर मंडळींचं कामबंद आंदोलन चालू होतं. खोलीला कुलूप. त्या आंदोलनाला पाठिंब्याचं पत्र मीच दिलेलं, माझ्याच सहीचं, कुलपाच्या शेजारी चिकटवलेलं. मी तिकडे पाहिलंही नाही.

“तीन वाजेपर्यंत मले टाइम द्या,” नीलिमा म्हणाली. “तोवर नाही झालं तं डिस्क काढून देतो. मंग तुमी हरीओमकडे न्या नाही तं वाशिमले न्या.”

“अन् त्यानं उडवलं तं?”

तिनं वही मिटली. रुख्मिणीबाईंकडे एकदा पाहिलं फक्त.

मग तिनं जे केलं ते मला त्या वेळी वेडेपणा वाटला. तिनं विहारातले पंखे, जे होते तेवढे, बंद केले. खिडकी लावली. मला म्हणाली, आता बोलू नका. आणि मशीन चालू केलं. डोळे मिटून बसली, गिरणीच्या दाराशी बसायची तशी. बंद केलं. पुन्हा चालू केलं. चार वेळा.

“भाऊ, हे आज मुकं हाये.”

“म्हंजे?”

“रोज आपण बटण दाबलं की काय होते? आधी खरखर होते, मंग चित्र येते. आधी खरखर, मंग चित्र. तीन वर्षं झाले. आज खरखर नाही.”

“नवी डिस्क आवाज करतच नाही ना. तूच सांगतलं होतं.”

“नाही करत. खरखर जुनीची होती.” ती उठून उभी राहिली. “मंग जुनीत काही नाही, तं रोज आधी तीच काहून खरखरायची?”

मला समजलं नाही. तिनं मला आमच्याच भाषेत समजावलं आणि मी तेच तुम्हाला सांगतो. घर नवीन बांधलं, सामान नव्यात नेलं, सगळे नव्यात राहायला गेले. पण दाराची किल्ली जुन्या घराच्या खुंटीलाच राहिली. मशीन रोज आधी जुन्या डिस्ककडे जायचं, किल्ली घ्यायचं आणि मग नव्याचं दार उघडायचं. तीन वर्षांपूर्वी विंडोज चढवताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. जुनी काढता येत नव्हती, नाव होतं तिच्यावर. आणि दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज चालू करण्याचं एवढंसं सामान पहिल्या डिस्कवरच टाकतं, कुणाला सांगत नाही.

“माही चूक हाये,” नीलिमा म्हणाली. “चढवतानी जुनीची तार दहा मिनिटं काढायची होती. चला लवकर, त्यानं रंग मारला नसला म्हंजे झालं.”

लखन पेंटरचं घर विहारामागच्या गल्लीत. अंगणात बाजेवर पंख्याची पाती वाळत पडलेली. आणि कुडाच्या भिंतीवर, भर उन्हात, डिस्क. पांढऱ्या ऑइल पेंटनं पूर्ण रंगवलेली, वर निळ्या अक्षरात सोजरबाई. अक्षर फार सुंदर, ते मान्य केलं पाहिजे. इंद्रभान दादा शेजारी खुर्ची टाकून राखण करत बसले होते.

मी तिथूनच ओरडलो, “लखन! अबे कम्प्युटरच्या डिस्कले रंग मारते काय कोणी?”

“पात्यांले मारला, घड्याळाले मारला, याले काहून नाही?” लखन म्हणाला. तो ब्रश पुसत होता, घाबरला वगैरे नाही. “दादानंच आणून देली ना जी.”

“थांबा भाऊ,” नीलिमानं मला बाजूला केलं. “लखनभाऊ, याच्या तोंडात रंग गेला काय? इथी, तारा लागतात तिथी.”

“त्याले कागद चिपकवला होता, बाई. पंख्याच्या वायरीले चिपकवतो तसा. मी काय नवा हाये?”

त्यानं कागदाची पट्टी ओढून काढली. आतलं तोंड स्वच्छ. नीलिमानं डिस्क उलटी केली, मग सुलटी केली आणि एका जागी बोट ठेवलं. तिथं बारीक भोक असतं, त्याशेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे झाकू नका. लखननं भोक आणि इंग्रजी दोन्ही पांढऱ्याखाली घातलं होतं. तिथला रंग अजून पुरता वाळला नव्हता म्हणून बरं. तिनं कागदाच्या टोकानं तो भोकाभोवतीचा अलगद उचलून घेतला. डिस्क मात्र तव्यावरून उतरवल्यासारखी तापली होती.

इंद्रभान दादा उठून उभे राहिले. “काय झालं वं? ते तं बंदच होती ना. काम नवीच करून राह्यली.”

“बंद नव्हती, मामाजी. मशीन रोज हिच्यावरूनच चालू होत होतं. मलेही आजच कळलं.”

दादांनी डिस्कवरचं नाव पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजे मायवरून?”

“हो जी.”

“अन् मी तिले उन्हात घातलं.”

मी म्हणणार होतो, हो, घातलं, आता पोरीचं कॉलेज जाईल. शब्द तोंडात आले होते. पण रुख्मिणीबाई मागं येऊन उभ्या होत्या आणि त्या म्हणाल्या, “राहू द्या, दादा. तुमाले काय मालूम.” मग मलाही गिळावं लागलं.

विहारात आणून मी म्हणालो, लाव पटकन. नीलिमा म्हणाली, नाही. तापलेली फिरवली तर मरेल. थंड होऊ द्यायची. दादा म्हणाले, माठावर ठेव. लखन म्हणाला, माझ्या घरी फ्रिज हाये.

“माठही नाही अन् फ्रिजही नाही. पाणी सुटंल आतमधी,” नीलिमा म्हणाली. तिनं डिस्क फरशीवर, सावलीत, कोरड्या कापडावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसली. पाऊण तास. या पाऊण तासात मी विहाराला किती चकरा मारल्या त्या लखननं मोजल्या, एकोणतीस म्हणे.

दोनला दहा कमी असताना तिनं हात लावून पाहिला. चार स्क्रू, दोन तारा. बटण दाबलं.

आधी काही नाही. मग एक कट् झालं. मग खरखर सुरू झाली. मी आयुष्यात भाषणं पुष्कळ ऐकलीत, असं कान देऊन कधी ऐकलं नाही. पडद्यावर चित्र आलं आणि त्याखाली अक्षरं, काम चालू आहे, बंद करू नका, शून्य टक्के.

“झालं?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

“अजून नाही. काल अर्ध्यात सोडलं ते आता पूर्ण करून राह्यलं. मधात थांबवता नाही येत.” नीलिमा डिस्कजवळ कान नेऊन म्हणाली, “अन् हिचा आवाज मले पसंत नाही. ही म्हातारी हाये, अन् आज लय तापली.”

टक्का वाढायला फार वेळ लागत होता. एकतीसवर असताना लाइट गेली. इन्व्हर्टर लागला. नीलिमानं लगेच विहारातला एकूण एक दिवा बंद केला, बुद्धमूर्तीवरचाही. दादांनी मान हलवून हो म्हटलं. सगळे अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे तोंड करून बसलो. त्या वेळात दादा आणि तिचं बोलणं झालं, हळू आवाजात.

“हे झालं की किल्ली नवीत नेऊन टाकतो, मामाजी. उद्याच. हिच्या भरवशावर मशीन ठेवणं बरोबर नाही.”

“मंग मायचं काम नाही राहणार काही?”

“नाही.”

“अन् नाव?”

“नाव राहीन. जागाही तेच राहीन.”

दादांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. “बरं. ते तशीही बसली कधी नाही. आता बसू दे तिले.”

इन्व्हर्टरची शिट्टी सुरू झाली तेव्हा ऐंशी टक्के झाले होते. ब्याण्णवला लाइट आली. चार वाजून पाच मिनिटांनी नवं चित्र उघडलं, सगळं हललेलं, जागा बदललेल्या. मी म्हणालो, छाप आता. तर नाही. नीलिमानं आधी पदराच्या गाठीतून दोन पेनड्राइव्ह काढले, तिसरा हत्यारांच्या पेटीतून काढला आणि चारशे बाराच्या चारशे बारा पानं तिन्हींवर उतरवली. एक कपाटात, एक दादांकडे, एक रुख्मिणीबाईंच्या हातात.

“अन् मले?” मी विचारलं.

“तुमाले नाही.”

मग पान छापलं. पिवळट कागदाची प्रत, मास्तरचं तिरपं अक्षर. राघो तुकाराम, जात, जन्मगाव, बापाचा धंदा, दाखल तारीख. रुख्मिणीबाईंना वाचता येतं, सावकाश येतं. त्यांनी बोट ठेवून नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागद पिशवीत घालताना घडी पडू नये म्हणून पिशवीत आधी पुठ्ठा घातला.

गुरुवारी वाशिमला मी, रुख्मिणीबाई आणि निकिता गेलो. साडेबारानंतर पुकारा झाला. समितीच्या साहेबांनी पान उजेडात धरलं.

“मूळ रजिस्टर कुठंय?”

“उधईच्या पोटात,” मी म्हणालो. निकितानं माझा सदरा मागून ओढला. मी शाळेचं पत्र पुढं ठेवलं आणि स्कॅन केल्याच्या दिवशीचा मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्याचा पंचनामा ठेवला, तो मी मुद्दाम करून घेतला होता. साहेबांनी दक्षता पथकाचा अहवाल उघडला. त्यात निकिताच्या आजोबांच्या दाखल्यावरून त्यांच्या बापाच्या, म्हणजे राघोंच्या, नोंदीचा क्रमांक आला होता. तो आणि आमच्या पानावरचा एकच निघाला. दोन-चार प्रश्न निकिताला विचारले, आजोबा कुठं राहायचे, पणजोबा काय करायचे. तिनं घाबरत पण बरोबर सांगितलं. आठ दिवसांत प्रमाणपत्र घेऊन जा, तोवर ही पोच कॉलेजात दाखवा, असं म्हणून त्यांनी शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. एवढंच. भांडायची तयारी करून गेलो होतो, ती तशीच परत आणली.

बाहेर पायरीवर येऊन मी नीलिमाला फोन लावला. मागं दादांचा आवाज येत होता, काहीतरी विचारत होते.

“झालं काय, भाऊ?”

“झालं. आठ दिवसांनी देतात. पोच देल्ली हाये.”

“सही-शिक्का?”

“दोन्ही.”

“मंग तिचा फोटो काढून पाठवा, आत्ताच, तिथीच उभं राहून. घरी येईपर्यंत नोका थांबू. अन् तुमी नोका काढू, निकिताले सांगा.”

मी फोन निकिताकडे दिला. तिनं पोच आईच्या हातात सरळ धरायला लावली आणि फोटो काढला. त्यात रुख्मिणीबाईंचा अंगठा शिक्क्यावर आला होता. तिनं दुसरा काढला.